न घेतलेली झडती

अप्पांनी एकतीस वर्षं कोर्टात बेलीफगिरी केली. म्हणजे न्यायाधीश कागदावर लिहायचे आणि अप्पा ते लोकांच्या दारात जाऊन खरं करून दाखवायचे. समन्स हातात द्यायचं असो, भाडेकरूला बाहेर काढायचं असो की आईबापांच्या भांडणातलं मूल एकाकडून घेऊन दुसऱ्याच्या हवाली करायचं असो, अप्पा एकदा गेले की काम करूनच परतायचे. माणूस घरात असून नाही म्हणवतोय, हे त्यांना जिना चढतानाच कळायचं. असा हा गृहस्थ निवृत्तीच्या तिसऱ्या वर्षी आपल्या सहा वर्षांच्या नातीला दिवाणाखालच्या पेटीत लपायला शिकवत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खेळाचं नाव होतं ‘उंदीर’. घरच्यांनी बेल एकदाच आणि लांब वाजवायची, असं ठरलं होतं. दुसरी कुठलीही बेल वाजली की चिमीने हातातलं टाकून धावायचं, दिवाणाची कडेची फळी सरकवायची, आत शिरायचं आणि फळी ओढून घ्यायची. अप्पा घड्याळ लावून बसत. पहिल्या दिवशी चाळीस सेकंद लागले. आता ती अकरावर आली होती. पेटीत जुनी उशी होती. भिंतीकडच्या बाजूला अप्पांनी स्वतः ड्रिलने नऊ भोकं पाडली होती. 

तसं पाहिलं तर मुलीने हे काहीच मागितलं नव्हतं. संसार मोडला तो जावयाच्या राज्यात, खटला चालला तो तिथेच, आणि हुकूमही तिथल्याच कोर्टाचा. मूल बापाकडे राहील, मोठ्या सुट्टीचे पाच आठवडे आईकडे. मुलगी महिनाभर रडली, मग डोळे पुसून इकडे अप्पांकडे राहायला आली, इस्पितळात पाळीची नोकरी धरली, आणि सुट्टीची वाट बघत बसली. सुट्टी आली, चिमी आली, पाच आठवडे भुर्रकन उडाले. शेवटच्या दिवशी मुलीने पोरीची बॅग भरून दारात ठेवली.

“थांब,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, उद्या तिला सोडायचंय. हुकूम आहे.”

“हुकूम तिकडचा आहे. इथे चालवायला आधी इथल्या कोर्टात नोंदवावा लागतो. वर्ष जाईल त्यात. तोवर पोरगी इथे रुळली म्हणून आपणच अर्ज टाकू. तू मला कोर्ट शिकवू नकोस.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला पोर हवी होती आणि बापाचं कोर्टाचं ज्ञान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लहानपणापासून ऐकत ती वाढलेली. तिने बॅग आत नेली.

खरी गोष्ट अप्पांना पाठ होती. परराज्यातला हुकूम आला तर इथल्या कोर्टाने तो खटला पुन्हा उकरायचा नसतो. शिक्का मारायचा, समोरच्याला नोटीस द्यायची, मुदत संपली की अंमल करायचा. जास्तीत जास्त तीन-चार महिने. असे पंधरा-वीस हुकूम त्यांनी स्वतः बजावले होते. मुलीला मात्र ते वर्ष म्हणाले. का म्हणाले? बायको गेल्यापासून घरात रेडिओशिवाय कोणी बोलत नव्हतं, आणि पाच आठवडे कोणीतरी सकाळी उठल्याबरोबर त्यांच्या पोटावर चढून बसत होतं, म्हणून. दुसरं कारण मनाशीही कबूल करायला वाईट होतं. आपण अजून कामाचे आहोत, हे त्यांना कुणालातरी दाखवायचं होतं.

मग एकातून दुसरं निघत गेलं. मुलीचा फोन नंबर बदलला. नोटीस आली ती अप्पांनीच घेतली, आणि ‘नेहमीचं असतं, चिंता करू नकोस’ म्हणून घडी घालून कपाटात टाकली. पोरीचं नाव इथल्या शाळेत घातलं नाही, कारण शाळेच्या पटावरून मूल सापडतं हे त्यांना ठाऊक होतं. अप्पाच तिला बेरजा शिकवत. खाली मुलं खेळायला उतरली की चिमी गॅलरीच्या गजांना नाक लावून उभी राही. बाबा कुठे आहेत विचारलं की ‘कामात आहेत’ असं उत्तर मिळे. चार महिने माणूस किती कामात असणार? पण सहा वर्षांचं मूल मोठ्यांचं ऐकून घेतं, आणि मोठे त्याचा फायदा घेतात.

तो बुधवार होता. मुलगी सकाळच्या पाळीला गेलेली. साडेदहाला बेल वाजली, दोनदा, तुटक.

चिमीने खडू टाकला. फळी सरकली, पाय आत गेले, फळी मिटली. अप्पांनी सवयीने घड्याळ पाहिलं. दहा सेकंद. मग त्यांनी दार उघडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दारात लांब्या होता. हा कोर्टातला त्यांच्या हाताखालचा पोरगा. आता पोरगा कसला, चाळिशी ओलांडलेला. उंच इतका की दारातून आत येताना मान वाकवायचा, म्हणून सगळं कोर्ट त्याला लांब्या म्हणायचं. त्याच्या मागे एक पोलीसबाई.

“अप्पा, आत येऊ का?” लांब्या म्हणाला. नजर खाली.

“ये की. विचारतोस काय.”

लांब्या खुर्चीच्या कडेवर बसला. पोलीसबाईंचे गुडघे दुखत असावेत, त्या सुस्कारा टाकून सरळ दिवाणावर बसल्या. फळी कुरकुरली. 

“मला पाठवणार नव्हते,” लांब्या म्हणाला. “मीच मागून घेतलं. म्हटलं, अप्पांच्या दारात परका माणूस नको. तिकडच्या कोर्टाचा हुकूम आहे, आपल्या साहेबांनी अंमलाला दिलाय. तुम्हाला मी काय सांगणार?”

“हं.”

“जावई खाली गाडीत आहेत. वर येतो म्हणत होते, मीच नको म्हटलं, जिन्यात तमाशा नको. काल रात्रभर गाडी चालवत आलेत. चार महिने पोरीचा आवाज ऐकला नाही म्हणत होते.” तो थांबला. “अप्पा, पोरगी घरात आहे का?”

एकतीस वर्षं अप्पांनी हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला होता. उत्तर देताना कोण डोळे मिचकावतं, कोण उगाच मोठ्याने बोलतं, कोण खोकतं, याची यादीच त्यांच्याकडे होती. यातलं काहीही न करता ते म्हणाले, “नाही.”

“कुठे आहे?”

“आईच्या मैत्रिणीकडे. बाहेरगावी.”

पोलीसबाईंची नजर जमिनीवरच्या खडूवर गेली. “साहेब, एकदा आत बघून घेऊ. दोनच तर खोल्या आहेत.”

“गरज नाही,” लांब्या म्हणाला.

“पण वॉरंटात झडती—”

“बाई, यांनी मला शिकवलंय.” लांब्याचा आवाज चढला. “मी नवा होतो, तेव्हा एका घराचा माळा न बघता ‘झडती घेतली’ लिहून आणलं होतं. यांनी मला भर दुपारी एकवीस किलोमीटर परत पाठवलं. सायकलवर. म्हणाले, न बघितलेलं बघितलं म्हणून लिहिणारा बेलीफ आणि खोटी साक्ष देणारा, दोघांत फरक काय? ह्या माणसाच्या घराची मी झडती घेऊ?”

 लोकांसाठी ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्यांनी आयुष्यात शंभर जणांना ऐकवली असेल. आता ती त्यांच्याच खोलीत येऊन बसली होती.

लांब्याने मांडीवर फाइल ठेवून अहवाल लिहायला घेतला. अप्पांना अक्षर उलटं वाचायची सवय होती. ‘दिलेल्या पत्त्यावर समक्ष जाऊन,’ त्याने लिहिलं. ‘मी स्वतः दोन्ही खोल्या, माळा व कपाटे यांची झडती घेतली. मूल आढळून आले नाही.’ हेही अप्पांनीच शिकवलेलं होतं. झडती घेतल्याशिवाय ‘आढळले नाही’ लिहिता येत नाही, अहवाल परत येतो. म्हणजे अप्पांचा शब्द राखण्यासाठी हा पठ्ठ्या खोटं लिहीत होता. उद्या पोरगी याच घरात सापडली तर त्याची नोकरी जाणार होती. अप्पांची पेन्शन कोणी काढून घेत नव्हतं.

पेन थांबवायला एक शब्द पुरला असता. अप्पा म्हणाले, “चहा टाकू?”

“टाका.”

चहा झाला. पोलीसबाईंनी हळूहळू, बशीत ओतून घेतला. पंचवीस मिनिटं झाली. खेळात अप्पांनी चिमीला कधी तीन मिनिटांवर आत ठेवलं नव्हतं. तिला दोन दिवस खोकला होता, हे त्यांना आत्ता आठवलं. ते कपबशा मुद्दाम वाजवत विसळत राहिले.

“दोन पंचांच्या सह्या लागतील,” लांब्या उठला. “वरच्या शिवणवाल्या बाईंची घेतो, एक खालच्या औषधवाल्याची. येतो, अप्पा. मनाला लावून घेऊ नका, कागद आहे म्हणून यावं लागलं.”

त्याने अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. अप्पांना तो हात सोडवून घ्यावासा वाटला.

दार लागल्यावर त्यांनी फळी सरकवली.

चिमी गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडलेली होती. केस घामाने कपाळाला चिकटलेले. फ्रॉकचा घोळ गोळा करून तिने तोंडात कोंबला होता, खोकला बाहेर येऊ नये म्हणून. ही युक्ती अप्पांनी शिकवली नव्हती, तिने स्वतःच काढली होती. उशी ओली झाली होती आणि तिचे पायही. तिने आधी फ्रॉक तोंडातून काढला, मग खूप वेळ खोकली, आणि मग कुजबुजत म्हणाली, “शू झाली.”

“असू दे. असू दे, बाळा.”

“मी आवाज केला नाही.”

“नाही केलास.”

“बाबा खाली आहेत ना? मी ऐकलं.” ती त्यांच्याकडे बघत होती, रागाने नव्हे, गणित बरोबर आलंय का ते बघावं तशी. “मला जायचं होतं. पण तुम्ही ‘नाही’ म्हणालात ना, मग मी आले असते तर तुम्ही खोटे पडला असता.”

अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरं रिकामी करताना लोकांनी त्यांना शिव्या दिल्या होत्या, एकदा एका म्हातारीने त्यांच्या अंगावर पाणी फेकलं होतं. कशाचंच त्यांना काही वाटलं नव्हतं, कारण कागद त्यांच्या बाजूचा होता. आता सहा वर्षांची पोर त्यांची अब्रू सांभाळत पंचवीस मिनिटं ओल्यात पडून राहिली होती. एवढं ओझं त्यांनी कधी कुणा मोठ्या माणसावरही टाकलं नव्हतं.

त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळून खुर्चीवर बसवलं आणि अनवाणीच जिना चढले.

वर शिवणवाल्या बाई मशीनवरच कागद ठेवून सही करायच्या बेतात होत्या. गेल्याच आठवड्यात चिमीच्या फ्रॉकची उसवलेली शिवण त्यांनीच घालून दिली होती. “अप्पा म्हणतात तर नसेलच हो,” असं त्या लांब्याला सांगत होत्या, आणि अप्पांना बघून त्यांनी नजर मशीनच्या चाकावर नेली.

“सही करू नका,” अप्पा म्हणाले. “लांब्या, फाड तो कागद. पोरगी घरात आहे.”

 लांब्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग तो हळूहळू लाल होत गेला, कानांपर्यंत. लाज खरं तर अप्पांना वाटायला हवी होती, ती त्यालाही वाटली. अप्पांना ते सगळ्यात जड गेलं.

“कधी आली?” त्याने विचारलं. अजूनही तो त्यांना वाट काढून देत होता.

“कुठे गेलीच नव्हती.”

खाली आल्यावर पोलीसबाईंनी सरकलेली फळी पाहिली, ओली उशी पाहिली, आणि आपण कुठे बसलो होतो ते त्यांच्या लक्षात आलं. “मी हिच्यावर बसून चहा प्यायले?” त्या म्हणाल्या. “आजोबा, मला दोन पोरी आहेत.” एवढंच बोलून त्यांनी चिमीला उचललं आणि न्हाणीघरात नेलं. आतून पाण्याचा आणि त्यांच्या गप्पांचा आवाज येत राहिला.

लांब्याने नवा कागद काढला. मूल कुठे व कोणत्या स्थितीत मिळाले, हे त्यात लिहावंच लागतं. त्याने लिहिलं, ‘मूल राहत्या घरात सुखरूप मिळाले,’ आणि पेन टोपणात घातलं.

“पुरं लिही,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, कशाला? मूल मिळालं, काम झालं. उगाच हात दाखवून अवलक्षण.”

“लिही. दिवाणाच्या पेटीत. अंगावरचे कपडे ओले. लपवणारा, आईचा बाप. आई कामावर होती. नोटीस तिला दाखवलीच नाही, मुदत लपवली, तीही मीच. हे नाही लिहिलंस तर सगळं तिच्या नावावर जाईल, आणि पुढची सुट्टी कापतील तिची.”

लांब्याने टोपण काढलं. ‘लपवणारा’पुढे तो अडखळला. “काय लिहू? वृद्ध नातेवाईक?”

“निवृत्त बेलीफ लिही. याच कोर्टाचा.”

त्याने लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं नाही. अप्पांनी खाली सही केली. लांब्याने कागद फाइलीत ठेवला, आणि जाताना या वेळी त्याने अप्पांचा हात धरला नाही.

चिमी कोरड्या फ्रॉकमध्ये, ओल्या केसांनी बाहेर आली. बॅग चार महिन्यांपूर्वीची, कपाटावर तशीच होती. निम्मे कपडे आता तिला आखूड झाले होते. अप्पांनी तिला सांगितलं, “बाबांकडे जायचंय. आईशी संध्याकाळी फोनवर बोलशील.” ती म्हणाली, “आता खोटं नाही ना?” अप्पांनी मान हलवली. तेवढं पुरलं तिला. पहिल्या चार पायऱ्या ती लांब्याचं बोट धरून उतरली, मग तिला खालून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि बोट सुटलं.

अप्पा बॅग घेऊन खाली पोचले तेव्हा जावई फुटपाथवर गुडघ्यांवर बसलेला होता आणि ती त्याच्या गळ्यात होती. तो उठला. अप्पांना वाटलं, आता हा चार लोकांत वाटेल ते बोलेल, आणि बोलला तर बरंच होईल. पण त्याने बॅग घेतली आणि विचारलं, “खोकला किती दिवस आहे?”

“दोन.”

“औषध काय देता?”

अप्पांनी सांगितलं. त्याने ते फोनमध्ये लिहून घेतलं, ‘बरं’ म्हणाला, आणि गाडी निघून गेली. औषधवाला दुकानाच्या पायरीवर येऊन सगळं बघत होता. अप्पा त्याच्या समोरून, भिंतीच्या कडेकडेने, वर गेले.

मुलीला फोन करून त्यांनी एवढंच सांगितलं की ये. ती अर्धी पाळी टाकून आली. बेल तिने एकदाच, लांब वाजवली. कपाटावर बॅग नव्हती, दिवाणाची फळी उघडी होती, उशी गॅलरीत वाळत होती. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. पर्स खांद्यावरच.

“शोधून काढली त्यांनी?” तिने विचारलं.

हो म्हणायचं, एवढंच. तीच विचारत होती, तीच उत्तर पुढे करत होती. लांब्या कधी सांगायला येणार नव्हता. बापलेकींनी मग दोघांनी मिळून कोर्टाला शिव्या दिल्या असत्या आणि घर पुन्हा घर झालं असतं.

“नाही,” अप्पा म्हणाले. “मीच सांगितलं. आणि आधीचंही ऐक. वर्ष लागणार नव्हतं. मला माहीत होतं. नोटिशीवर तारीख होती, ती तुला मी दाखवली नाही. तू सोडायला निघाली होतीस, तेच बरोबर होतं.”

 ती त्या फळीकडे बघत होती. अप्पांना वाटलं ती ओरडेल, आणि ते त्याची वाट बघत उभे राहिले, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे.

“पुढच्या सुट्टीत देतील तिला?” शेवटी तिने विचारलं.

“मला माहीत नाही.”

कोर्टाच्या बाबतीत हे वाक्य तिने बापाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. तिने पर्स खाली ठेवली. मग तिने जे विचारलं त्यासाठी अप्पा तयार नव्हते.

“जाताना रडली का खूप? मला हाक मारत होती?”

इथे खोटं बोललं असतं तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. तिला तेवढाच आधार झाला असता. अप्पा लेकीच्या डोळ्यांत बघण्याऐवजी तिच्या चपलांकडे बघत राहिले. ती घाईत चपला घालूनच आत आली होती.

“नाही,” ते म्हणाले. “धावत गेली.”